गप्प केलेल्या वॉर्निंग्ज

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी इंजिनियर झालो आणि त्याच उन्हाळ्यात कंपन्यांनी देऊ केलेल्या नोकऱ्या परत घेतल्या. मला पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं होतं, तिला बंगळूरच्या. मग "सध्या रुजू होऊ नये, कळवू" अशी दुसरी पत्रं आली आणि पुढे कुणी काही कळवलं नाही. औरंगाबादचं होस्टेल सोडून मी जालन्याला मस्तगडातल्या आमच्या घरी आले आणि ती हसनाबादला तिच्या घरी गेली.

ती म्हणजे माझी वर्गमैत्रीण. चार वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. तिच्या घरची शेती, मोसंबीची बाग, मोठं खटलं. वर्गात तिचा नंबर माझ्या पुढे असायचा. फार पुढे नाही, एखाददुसराच, पण कायम पुढे. मी परीक्षेआधी महिनाभर मान खाली घालून बसायचे. ती मेसमध्ये गप्पा छाटत बसायची आणि शेवटच्या आठवड्यात माझ्याच वह्या वाचून माझ्यापेक्षा चांगला पेपर लिहायची. बरं, स्वभावाने इतकी मोकळी की तिच्याशी भांडायलाही कारण सापडू नये. घरी गेल्यावर यातून सुटका होईल असं मला वाटलं होतं.

ती सुटका बाबांनी होऊ दिली नाही. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. मी शेवटच्या वर्षाला असतानाच त्यांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता. पुढच्या खोलीत, पलंगाशेजारी, वर आईने विणलेला रुमाल. एकदा तिचा फोन आला आणि बोलता बोलता ती म्हणाली की हात शिवशिवतात, पण इथं कॉम्प्युटर कुठला. बाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"पोरी, तिथं बसून काय करून राह्यलीस? इकडं ये. एकीला दोघी व्हाल."

त्या आठवड्यातच ती एक बॅग आणि मोसंब्यांचं पोतं घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी मिळायच्या. अशाच एका सीडीवर एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. या सिस्टिमचं वैशिष्ट्य असं की तिचा सगळा कोड उघडा होता. जगभरातली माणसं तो वाचत, सुधारत आणि आपली दुरुस्ती एका सामाईक ई-मेल यादीवर पाठवत. प्रत्येक भागाला एकेक सांभाळणारा होता. त्याला दुरुस्ती पटली तर ती कायमची त्या सिस्टिममध्ये जायची आणि पाठवणाऱ्याचं नाव तिच्यावर राहायचं. नोकरी नव्हती, वेळ होता. आम्ही ती यादी वाचायला लागलो.

एके दिवशी तिथे जुन्या ड्रायव्हरांबद्दल मेल आली. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या एकेका कार्डाशी बोलणारा कोड. आपण लिहिलेला कोड कंपायलर नावाचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणतो आणि आणता आणता कुरकुरतो. इथे तुम्ही काहीतरी विसरलात, हा आकडा इथे बसत नाही, असं म्हणतो. त्याला वॉर्निंग म्हणतात. वॉर्निंग आली म्हणून काम अडत नाही, म्हणून माणसं तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जुन्या ड्रायव्हरांच्या त्या सगळ्या फोल्डरमध्ये कुणीतरी कधीकाळी एक स्विच लावून कंपायलरचं तोंडच बंद करून टाकलं होतं. शिवाय आतही जागोजागी "हे बरोबर आहे असं समज" अशा अर्थाच्या जुलूमजबरदस्त्या होत्या. ते सगळं काढायचं, कुरकुर ऐकायची, तिच्यात तथ्य किती ते बघायचं आणि कोड नीट करायचा, असं ते काम. कुणालाच नको होतं. आम्ही घेतलं.

स्विच काढून पहिल्यांदा कंपाईल केलं तेव्हा पडद्यावर तक्रारींच्या ओळी वर सरकत राहिल्या, थांबेचनात. आई मागे उभी होती.

"बिघडलं का काय गं?"

"न्हाई काकू," ती म्हणाली. "लई वर्सांनी बोलून राह्यलं बिचारं. बोलू द्या."

आई हसली. मी इतकी वर्षं आईला कॉम्प्युटर समजावत होते, आई कधी अशी हसली नव्हती.

नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर तिने घेतले, आवाजाच्या कार्डांचे मी. कॉम्प्युटर एकच, म्हणून सकाळी मी बसायचे, दुपारी ती. मधूनच वीज जायची आणि तासभर चाललेलं कंपाईल पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. नळ आला की दोघी उठून पाणी भरायचो. तिच्या दोन्ही हातांत हंडे असायचे. माझी एक बादली भरेपर्यंत तिचा पिंप भरलेला असायचा. "पोरीचा हात चालतो," आई म्हणायची. भाकरीचंही तेच. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा. माझी भाकरी बाबा काही न बोलता खायचे.

माझी पहिली दुरुस्ती मी फार मेहनतीने पाठवली. कंपायलरची तक्रार होती की एका चलाला, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेला, किंमत न देताच ते वापरलं जाण्याची शक्यता आहे. मी सुरुवातीलाच त्याला शून्य दिलं. तक्रार गेली. जुन्या ड्रायव्हरांच्या त्या फोल्डरचा सांभाळणारा दूर कुठल्यातरी थंड देशातला माणूस होता. त्याचं उत्तर आलं ते असं, मराठीत सांगायचं तर: "तुम्ही कंपायलरला गप्प केलंत. आधीच्या लोकांनीही तेच केलं होतं. तक्रार खरी आहे. एका वाटेने गेलं तर खरोखरच किंमत ठरत नाही. ती वाट शोधा."

त्याच दिवशी तिची पहिली दुरुस्ती गेली होती. एका ठिकाणी कार्डाकडून येणारा आकडा शून्याखाली गेला तर चूक झाली असं समजायचं होतं. पण तो आकडा ज्या जातीच्या चलात ठेवला होता त्याला शून्याखाली जाताच येत नव्हतं. म्हणजे चूक झालेली कुणाला कधी कळलीच नसती. तिने चलाची जात बदलली आणि कारण तीन ओळींत लिहिलं. उत्तर आलं: "सुरेख. घेतली."

दोन्ही उत्तरं पडद्यावर एकाखाली एक होती. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझं लई अवघड होतं गं. माझं सोपं निघालं."

तिचं म्हणणं खरं असेलही. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. कॉम्प्युटर माझा, घर माझं, फोनची लाइन माझ्या बाबांची, आणि सुरेख ती.

बाबांनी कचेरीत सांगितलं. संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहाला कुणी आलं की ते पुढच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही हसनाबादची. हिनं केलेलं काम आता साऱ्या जगातल्या मशिनीत राहतंय." मग आठवण झाल्यासारखं, "आन् ही आमची. हिचंबी चालूये."

मी तिचे पॅच वाचायला लागले ते तेव्हापासून. पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, कुठली ओळ काढली आणि कुठली घातली ते दाखवणारा. ती पाठवायची आणि मी तिच्यानंतर बसून ते वाचायचे, चूक सापडावी म्हणून. एका ओळीत चूक आहे की नाही हे ठरवायचं तर तिच्या आगेमागचा कोड वाचावा लागतो. तो समजायचा तर कार्ड कसं चालतं ते वाचावं लागतं. आवाजाच्या कार्डांसाठी मी कधी एवढं केलं नव्हतं. चूक सापडत नव्हती. तिचं काम नीटच असायचं, आणि नीट का आहे ते दरवेळी मला थोडं जास्त कळायचं, त्यामुळे आणखी जळायचे. या खटाटोपात माझंही काम सुधारलं. शून्य देऊन मोकळं होणं मी सोडलं. माझे पॅच घेतले जाऊ लागले. घेतल्याचं उत्तर आलं की अर्धा दिवस बरं वाटायचं, तोवर तिचे दोन गेलेले असायचे.

दुसऱ्या वर्षी गौरीगणपतीच्या सुमाराला त्या सांभाळणाऱ्याने यादीवर सगळ्यांसमोर लिहिलं की, जुन्या नेटवर्क कार्डांची जबाबदारी या बाईंनीच घ्यावी असं मला वाटतं. बाई म्हणजे ती. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आईने साखर आणून तिच्या हातावर ठेवली, मग माझ्या हातावर. मी साखर खाल्ली.

महालक्ष्म्यांसाठी ती हसनाबादला गेली. जाताना घाईघाईत पाच-सहा पॅच पाठवून गेली. ती एसटीत बसली असेल नसेल तोवर मी ते उघडले.

चौथ्यात मला ते दिसलं.

तिथे कंपायलरची तक्रार होती की कार्डातून एक आकडा वाचून चलात ठेवला आहे आणि पुढे तो कुठेच वापरलेला नाही. तिने ती ओळच काढून टाकली होती. वरवर बघता बरोबर होतं. वापरायचं नाही तर वाचायचं कशाला. पण तिच्याच चुका शोधता शोधता मी या कार्डांबद्दल बरंच वाचलं होतं. काम झालं की हे कार्ड शाळेतल्या पोरासारखं हात वर करतं आणि कुणी आपल्याकडे बघेपर्यंत तो खाली घेत नाही. तो आकडा वाचणं हेच ते बघणं. आकडा काय आला याला महत्त्व नाही. ओळ काढली तर हात वरच राहणार आणि मशीन त्याच्याकडेच बघत बसणार.

एवढा आनंद मला स्वतःचा पॅच घेतला गेला तेव्हा झाला नव्हता.

पण हे सगळं माझ्या डोक्यातलं. खात्रीसाठी ते कार्ड हवं होतं आणि आमच्याकडे ते नव्हतं. माझा मामा एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेब बघायचा. त्यांच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते. मामाला फोन करून मी मशीन उघडून कार्डावरचं नाव वाचायला लावलं. एका मशीनमध्ये नेमकं तेच निघालं. मी आपल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढली आणि ओढणीत गुंडाळली. घरात महालक्ष्म्यांच्या जेवणाची गडबड होती, पुरणाचा वास सुटला होता.

"एवढा सोयपाक टाकून कुठं चाललीस?" आई म्हणाली.

"मामाकडं. जल्दी येते."

"आज? तिथं काय ठेवलंय?"

मी चपला घातल्या.

सणामुळे ऑफिसात कुणी नव्हतं, बियाण्यांच्या औषधाचा उग्र वास तेवढा होता. मामा दाराशी खुर्ची टाकून बसला आणि सारखा विचारत राहिला, "जळणार न्हाई ना काही?" मी त्या मशीनला डिस्क लावली. आधी जुना कोड चालवला. ते मशीन आणि शेजारचं, दोन्ही एकमेकांशी व्यवस्थित बोलली. मग तिचा बदल घातला आणि पुन्हा सुरू केलं. पहिला निरोप गेला आणि मशीन जागच्या जागी गोठलं. कुठलंही बटण दाबा, काही नाही. बंद केलं, ती एक ओळ परत घातली, चालवलं. ठीक. ओळ काढली. गोठलं. सगळं तीनतीनदा करून बघितलं, गरज एकदाचीच होती.

मामा म्हणाला, "बिघडलं तर हसायला काय झालं तुला?"

घरी आल्याबरोबर फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडून मी यादीवर मेल पाठवली. ती ओळ का हवी, काढली तर काय होतं, मी कसं तपासलं, आणि तक्रारही राहू नये म्हणून काय करायचं, म्हणजे वाचायचं पण ठेवायचं नाही, आणि का वाचतोय ते शेजारी लिहायचं. तिचं नाव मी कुठे घेतलं नाही, पण पॅच कुणाचा ते सगळ्यांना दिसत होतंच. मग आंघोळ करून जेवायला बसले. पुरणपोळ्या चार खाल्ल्या.

ती परत आली ती फुलोऱ्यातल्या करंज्यांचा डबा घेऊन. डबा आईकडे देऊन सरळ कॉम्प्युटरवर बसली. मी स्वयंपाकघरात होते, तरी माझे कान पुढच्या खोलीत होते. शेवटी मीच गेले.

"मामाच्या हापिसात जाऊन बघितलंस?" तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो."

"महालक्ष्म्यांच्या दिवशी?"

"हो."

"मी तर हे कार्ड डोळ्यानं बघितलं न्हाई आतापर्यंत," ती म्हणाली. मग तिने टाइप केलं, माझ्यासमोरच. यांचं बिलकुल बरोबर आहे, माझा पॅच मागे घेते, यांचा घ्यावा. पाठवून दिलं आणि उठून गच्चीवर गेली. त्या दिवशी तिने आमच्याबरोबर जेवण केलं नाही. पोट बरं नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती अचानक बोलली.

"मला तुझा लई राग आल्ता काल."

"चूक दाखवली म्हणून?"

"चुकीचं काय, होतच असते. ती मला दिसाया पाहिजे होती आन् तुला दिसली, त्याचा आला. रात्रभर डोळा लागला न्हाई. तुला काहून दिसली, तुला काहून दिसली, एवढंच डोक्यात."

मी चादर दोरीवर टाकली आणि तिच्या आड उभी राहिले, कारण माझं तोंड मला आवरेना. तिला माझा हेवा वाटला होता. चार वर्षांत आणि वर एक वर्षात पहिल्यांदा.

"मला तर तुझा पहिल्यापासूनच येतो," मी चादरीमागून म्हणाले.

"माहितीये."

"कसं काय?"

"माझे पॅच तू माझ्यापेक्षा जास्त वेळ वाचून राह्यलीस. मायेनं एवढं कुणी वाचत न्हाई."

मी चादरीमागून बाहेर आले. आम्ही दोघीही हसलो नाही. तिने चिमट्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली आणि उरलेले कपडे आम्ही मिळून घातले.

सांभाळणाऱ्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. माझा पॅच त्याने घेतला. खाली लिहिलं होतं की, यापुढे या बाईंचे पॅच माझ्याकडे येण्याआधी तुम्ही बघून द्यावेत. म्हणजे जे मी चोरून करत होते ते आता माझं काम झालं. त्यानंतर प्रत्येक पॅचवर दोघींची नावं असायची. तिचं वर, लिहिणारी म्हणून. माझं खाली, तपासणारी म्हणून. मी तपासायचे ते इतकं कसून की कधीकधी ती वैतागायची. "इथं स्वल्पविराम काहून नको म्हणतीस, मशिनीला काय फरक पडतो?" मी म्हणायचे, "मशिनीला न्हाई, मला पडतो." तीही माझे पॅच तपासायला लागली, आणि तिला माझ्या चुका सापडायच्या, जरा जास्तच लवकर.

पुढच्या वर्षी बंगळूरच्या एका कंपनीने तिला शोधून काढलं. यादीवरचं काम वाचून त्यांनी मेल केली आणि मुलाखत फोनवर झाली, आमच्या पुढच्या खोलीत. आईने कुकर खाली उतरवून ठेवला, शिट्टी नको म्हणून. मी दाराशी उभी होते. तिला एक प्रश्न आला, तो तिने मोठ्याने परत म्हटला. त्याचं उत्तर मला येत होतं आणि ती अडखळली. तिने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर दोन शब्द लिहून दाखवले. कागद धरताना माझा हात जड झाला होता, एवढं आठवतं. तिला नोकरी मिळाली.

तिने माझंही नाव सांगितलं. मलाही फोन आला. मुलाखत बरी झाली असं मला वाटलं. आठवड्याने कळलं की सध्या एकच जागा आहे.

ती निघाली तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती. बाबा तिला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले, मी पण गेले. गाडी सुटताना ती म्हणाली, "राहिलेले ड्रायव्हर तू घे सगळे." मी "बरं" म्हणाले. परत येताना बाबा सारखे तिच्याबद्दलच बोलत होते. घरी येऊन मी रिकाम्या खुर्चीत बसले. आता दुपारीही कॉम्प्युटर माझा होता, आणि संध्याकाळपर्यंत मी एक ओळ लिहिली नाही.

नंतर मला जालन्यातच एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. सकाळी तास, दुपारी ड्रायव्हर. ती बंगळूरहून मधूनमधून पॅच पाठवायची, मी बघून द्यायचे. तिच्या कंपनीत मोठमोठी मशीन होती, कार्डांची कपाटं होती असं ती लिहायची. ते वाचून मी दिवसभर विद्यार्थ्यांवर चिडायचे.

त्या फोल्डरचं काम संपायला आणखी दोन वर्षं लागली. शेवटी सगळ्या तक्रारी निकाली निघाल्या आणि फक्त तो स्विच उरला, कंपायलरचं तोंड बंद करणारी एक ओळ. ती कायमची काढायची होती. त्या पॅचमध्ये करण्यासारखं काहीच नव्हतं, कुणीही केला असता. पण तो शेवटचा होता आणि त्यावर लिहिणारी म्हणून एकच नाव असणार होतं. तिच्या ऑफिसची वेळ मला माहीत होती. ती मीटिंगमध्ये असेल अशा वेळी मी तो पाठवून दिला.

तासाभरात तिचं उत्तर आलं, सगळ्यांना दिसेल असं. पॅच बरोबर आहे, फक्त शेवटी एक रिकामी ओळ जास्तीची राहिली आहे, ती काढून परत पाठवावा.

मी बघितलं. खरंच होती. मी ती काढली, परत पाठवला आणि पॅच घेतला गेला. खाली तपासणारी म्हणून तिचं नाव होतं. मी इतकी धुसफुसत होते की आईने विचारलंच, काय झालं म्हणून. मी सांगितलं. आईला निम्मं कळलं असेल.

"मंग ते काम झालं का शेवटी?" तिने विचारलं.

"झालं."

"मग तिला फोन कर की. पोर वाट बघत असंल."

मी लगेच केला नाही. भाजी निवडली, कपडे घडी केले, आणि मग केला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.